वायुशीतित मोटारीतील उष्णता-व्यवस्था आणि तिची दुरुस्ती : फोक्सवॅगन बीटलच्या संदर्भात

बीजशब्द : वायुशीतन, उष्णता-विनिमयक, कार्बन मोनॉक्साइड, गंज, तांत्रिक वारसा, जतन

प्रस्तावना

मोटारीतील उष्णता-व्यवस्था हा विषय महाराष्ट्रातील वाचकाला प्रथमदर्शनी काहीसा दूरचा वाटेल. आपल्याकडे मोटारीत बसल्याबरोबर काच खाली करण्याची किंवा वातानुकूलन सुरू करण्याची घाई असते. युरोप व उत्तर अमेरिकेत मात्र हिवाळ्याचे तीन-चार महिने समोरच्या काचेवर आतून दव आणि बाहेरून हिम साचते. अशा वेळी गरम हवा मिळाली नाही तर चालकाला रस्ताच दिसत नाही. त्यामुळे जुन्या मोटारींचे जतन करणाऱ्यांना तेथे इंजिन व ब्रेक यांच्या जोडीने उष्णता-व्यवस्थेचाही विचार करावा लागतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन फोक्सवॅगन बीटल या एकाच मोटारीच्या आधारे केले आहे. ही निवड सहेतुक आहे. १९३८ ते २००३ या काळात २ कोटी १५ लाखांहून अधिक बीटल तयार झाल्या. शेवटची मोटार मेक्सिकोतील पुएब्ला येथील कारखान्यातून ३० जुलै २००३ रोजी बाहेर पडली. आजही हजारो लोक ही मोटार हौसेने सांभाळतात, आणि तिची उष्णता-व्यवस्था हा त्यांच्या दृष्टीने कायमचा डोकेदुखीचा विषय आहे. येथे ‘डोकेदुखी’ हा शब्द लाक्षणिक अर्थानेच घ्यावा असे नाही, हे पुढील विवेचनात दिसून येईल. भौतिकशास्त्र, धातुविज्ञान, शरीरक्रियाविज्ञान आणि वारसा-जतनाचे तत्त्वज्ञान या चारही अभ्यासक्षेत्रांचा या दुरुस्तीत संबंध येतो. बहुविद्याशाखीय नियतकालिकात या विषयाची मांडणी करण्याचे कारण तेच होय.

रचना व कार्यतत्त्व

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात मोटार उबदार ठेवणे सोपे असते. मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके धावलेली प्रीमियर पद्मिनी हे अशा जलशीतित इंजिनाचे आपल्या परिचयाचे उदाहरण. अशा इंजिनाभोवती फिरून तापलेले पाणी एका छोट्या रेडिएटरमधून नेऊन त्यावरून पंख्याने हवा सोडली की काम होते. समान घनफळाचा विचार केल्यास पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेऊ शकते. म्हणून लहानशा नळीतूनही पुरेशी ऊब मिळते. शिवाय पाणी आणि प्रवाशांच्या श्वासातील हवा यांचा परस्परांशी संबंध येत नाही. नळी गळली तर फार तर पायाखालचा गालिचा भिजतो.

बीटलच्या इंजिनात पाणीच नाही. फर्डिनांड पोर्श यांनी १९३० च्या दशकात या मोटारीचा आराखडा केला, तेव्हा वायुशीतनाच्या बाजूने एक व्यावहारिक विचार होता. सर्वसामान्य जर्मन कुटुंबाकडे मोटार ठेवण्यास बंद जागा नव्हती आणि रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या मोटारीतील पाणी गोठून इंजिन फुटण्याचा धोका होता. थंडीवर उपाय म्हणून निवडलेल्या या रचनेने इंजिनाची चिंता मिटवली खरी, परंतु प्रवाशांना ऊब कशी द्यावी हा प्रश्न मात्र कठीण करून ठेवला.

या इंजिनाचे शीतन कसे होते हे समजण्यासाठी आकुर्डीत तयार होत असलेल्या जुन्या बजाज चेतक स्कूटरचे इंजिन डोळ्यांसमोर आणावे. तिच्यात फिरत्या चाकावरील पात्यांनी ओढलेली हवा पत्र्याच्या आवरणातून सिलिंडरवर सोडली जाते. बीटलमध्येही तत्त्व हेच. फक्त सिलिंडर चार असून ते दोन्ही बाजूंना आडवे बसवलेले आहेत, आणि पंखा डायनॅमोच्या दांड्यावर असून पट्ट्याने फिरतो. हे सर्व मोटारीच्या मागच्या भागात असते.

सुरुवातीच्या मोटारींत सिलिंडरांवरून जाऊन तापलेली हवाच प्रवाशांकडे वळवली जाई. तिच्याबरोबर तेलाचा वास येई. १९६३ च्या मॉडेलपासून ही पद्धत बदलली. पंख्याच्या आवरणाला दोन तोंडे काढून, तेथून स्वच्छ हवा होज पाइपमधून इंजिनाच्या दोन्ही बाजूंना खाली बसवलेल्या उष्णता-विनिमयकांत नेण्यात आली. विनिमयक म्हणजे एकात एक अशी दुहेरी रचना. आतून इंजिनाच्या पुढच्या दोन सिलिंडरांचा धूर वाहून नेणारी एक्झॉस्ट नळी जाते. तिच्याभोवती ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पाती असतात, ज्यांना कारागीर ‘फिन’ म्हणतात. आणि या सर्वांवर पत्र्याचे कवच असते. नळीच्या आतून जळालेले वायू वाहतात, नळी व कवच यांच्यामधून प्रवाशांसाठीची हवा वाहते. तेथे तापलेली हवा झडपेतून, लवचीक नळीतून, दाराखालच्या उंबरठ्याच्या पोकळ पट्ट्यांत शिरते आणि तेथून पायांजवळ व समोरच्या काचेशी पोहोचते.

या रचनेचे एक उणेपण असे की पंखा इंजिनाच्या गतीशी बांधलेला आहे. मोटार सिग्नलला उभी राहिली की हवा मंदावते आणि ऊबही जाते. परंतु त्याहून गंभीर बाब म्हणजे विषारी धूर आणि श्वासाची हवा यांच्यामध्ये फक्त एका नळीची भिंत आहे. प्रस्तुत लेखाचा रोख या भिंतीवर आहे.

कार्बन मोनॉक्साइडचा प्रश्न

कार्ब्युरेटर असलेल्या आणि उत्प्रेरक परिवर्तक नसलेल्या जुन्या इंजिनाच्या धुरात, इंजिन मंद गतीने चालू असताना, कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण काही टक्के असू शकते. उदाहरणादाखल ते ३ टक्के धरले तर दहा लाख भागांत ३०,००० भाग होतात. अशा धुराचा एक भाग मोटारीतील हवेच्या हजार भागांत मिसळला तर प्रमाण दहा लाखांत ३० होते; शंभर भागांत एक भाग मिसळला तर ३००. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये बंद जागेतील हवेसाठी दिलेली मर्यादा एका तासाच्या संपर्कासाठी दर घनमीटरला ३५ मिलिग्रॅम, म्हणजे दहा लाखांत सुमारे ३० भाग अशी आहे. तात्पर्य, हजारात एक एवढी अल्प गळतीदेखील तासाभराच्या प्रवासात ही मर्यादा गाठू शकते.

हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने जोडला जातो. १८५० च्या दशकात फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी या विषबाधेचे स्वरूप उलगडले. त्यानंतर जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी कोळशाच्या खाणींतील मृत्यूंचा अभ्यास करताना छोटे पक्षी धोक्याची सूचना देण्यासाठी वापरावेत असे सुचविले. सामान्य हवेत श्वास घेत राहिल्यास रक्तातील हा वायू निम्मा होण्यास चार ते सहा तास लागतात. म्हणजे सकाळच्या प्रवासात घेतलेली मात्रा दुपारच्या प्रवासात भर टाकण्यास शिल्लक असते. वायूला रंग नाही, वास नाही. डोके जड होणे, मळमळणे, सुस्ती येणे ही लक्षणे चालक थकव्याची समजतो, आणि निर्णयशक्ती मंदावल्याने थांबण्याचा निर्णयही त्याच्याकडून घेतला जात नाही. महाराष्ट्रात बंद न्हाणीघरातील गॅस गीझरमुळे होणारे मृत्यू याच वायूचे असतात. तेथील न्हाणीघर आणि येथील हिवाळ्यात काचा लावलेली मोटार यांत भौतिक दृष्ट्या फारसा फरक नाही.

यावरून दुरुस्तीचा क्रम निश्चित होतो. मालकाची तक्रार बहुधा ‘ऊब येत नाही’ अशी असते; तिचे निवारण करताना तपासणी मात्र ‘धूर येतो का’ येथून सुरू करावी लागते. ऊब न येण्याचे कारण केवळ अडकलेली झडप असेल आणि ती मोकळी केली, तर आजवर बंद राहिल्यामुळे निरुपद्रवी ठरलेला गळका विनिमयक त्याच क्षणी प्रवाशांशी जोडला जातो. दुरुस्तीनेच धोका निर्माण होण्याचा हा प्रकार जुन्या यंत्रांच्या बाबतीत विरळा नाही.

दोषनिदान

दोष शोधण्याची उत्तम पद्धत म्हणजे हवेच्या मार्गाने, पंख्यापासून काचेपर्यंत, पावलापावलाने जाणे. प्रथम पंख्याच्या आवरणापासून विनिमयकाकडे जाणाऱ्या नळ्या पाहाव्यात. त्या फाटलेल्या किंवा निसटलेल्या असतील तर ऊब कमी होतेच. शिवाय शीतनाची हवा वाया जाऊन इंजिनही तापते. ज्या मोटारींतून उष्णता-व्यवस्था काढून टाकली आहे, त्यांच्या आवरणाची दोन्ही तोंडे झाकणे याच कारणास्तव आवश्यक असते. उष्ण प्रदेशांत हे काढून टाकण्याचे काम उत्साहाने होते, झाकण्याचे मात्र राहून जाते.

त्यानंतर इंजिनाचा थर्मोस्टॅट. सिलिंडरांच्या खाली असलेली ही छोटी धातूची भाता-नळी ६५ ते ७० अंश सेल्सिअसला प्रसरण पावून शीतनाच्या हवेच्या झडपा उघडते. तोवर इंजिन लवकर तापावे ही अपेक्षा असते. अनेक कारागीर ‘नसती कटकट’ म्हणून ती काढून टाकतात. परिणामी इंजिन थंडीत दीर्घकाळ थंडच राहते, त्याची झीज वाढते आणि प्रवाशांनाही ऊब मिळत नाही.

इंजिनाच्या कप्प्याभोवतीचे रबर आणि सिलिंडरांभोवतीचे पत्रे यांकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. या पत्र्यांचे काम वरची थंड हवा आणि खालची तप्त, धुरकट हवा वेगळी ठेवण्याचे आहे. रबर गळून पडले किंवा एखादा पत्रा ‘सरकवणे सोपे जावे’ म्हणून काढला, तर पंखा खालची हवा वर ओढून घेतो. अशा वेळी दोन्ही विनिमयक नवे कोरे असले तरी सिलिंडर आणि एक्झॉस्ट यांच्या सांध्यातून निसटलेला धूर पंख्यावाटे थेट प्रवाशांकडे जातो. विनिमयक बदलूनही वास जात नाही म्हणून त्रस्त झालेल्या मालकांच्या बाबतीत कारण बहुधा येथे सापडते.

सांध्यांभोवती काळी काजळी दिसल्यास तेथे गळती आहे असे निःसंशय समजावे. काजळी न दिसल्यास गळती नाही, असा उलट निष्कर्ष मात्र काढता येत नाही.

विनिमयकाची दुरुस्ती

विनिमयक गंजतो तो बाहेरूनही आणि आतूनही. बाहेरून रस्त्यावरील चिखल व हिम वितळविण्यासाठी टाकलेले मीठ. आतून स्वतः इंजिनाने निर्माण केलेले पाणी. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लांबच्या प्रवासात नळी तापून ही वाफ निघून जाते. जवळच्या फेऱ्यांत ती नळीतच थंड होऊन साचते आणि धुरातील आम्लांसह पोलादाला खाते. वर्षातून चार वेळा गॅरेजमधून काढून पाच मिनिटे चालू करून पुन्हा ठेवलेली ‘जपलेली’ मोटार या दृष्टीने रोज वापरल्या जाणाऱ्या मोटारीपेक्षा अधिक संशयास्पद ठरते.

विनिमयक काढण्याचे काम संयमाचे आहे. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आणि त्यात बसवलेले स्टड पोलादी. वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने नट जागीच जखडतात. जोर लावला तर स्टड तुटतो आणि एका नटाचे काम सिलिंडर हेड उतरविण्यावर जाते. भेदक तेल लावून एक-दोन दिवस थांबणे, नट तापविणे, सोडविण्यापूर्वी किंचित आवळून पाहणे, हे जुने उपाय अजूनही सर्वोत्तम आहेत. पेट्रोलची नळी जवळूनच जात असल्याने ज्योत वापरताना ती आधी वेगळी करून बंद करावी. जुन्या काळच्या गॅस्केटांत व सांध्यांच्या वेष्टनांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ती कोरडी खरवडू नयेत, ओली करून काढावीत. ती पुन्हा वापरण्याचा प्रश्नच येत नाही.

भाग हातात आल्यावर त्याची परीक्षा साध्या उपकरणांनी करता येते. आतल्या नळीचे एक तोंड घट्ट बंद करून दुसऱ्या तोंडाने अल्प दाबाची हवा भरावी आणि संपूर्ण विनिमयक पाण्यात बुडवावा. कवचाच्या पोकळीतील अडकलेली हवा निघून जाईपर्यंत थांबावे. त्यानंतरही कवचाच्या तोंडातून बुडबुडे येत राहिले तर आतली नळी फुटली आहे. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधण्याहून ही कृती वेगळी नाही.

येथे एक भेद काटेकोरपणे पाळावा लागतो. बाहेरच्या कवचाला भोक पडले असेल तर गरम हवा वाया जाते, एवढेच. तेथे नवा पत्रा वेल्डिंगने जोडणे योग्य व पुरेसे आहे. आतली नळी झिजली असेल तर मात्र ठिगळ लावू नये. उष्णतारोधक लुकण, पट्टी, बाहेरून घातलेला वेल्डिंगचा टाका, यांपैकी कशावरही विसंबता येत नाही. नळी आणि फिन यांच्यामधला भाग डोळ्यांना दिसत नाही, आणि एका ठिकाणी भोक पडेपर्यंत शेजारचा धातूही कागदासारखा पातळ झालेला असतो. असा विनिमयक बदलणे एवढाच मार्ग उरतो. खर्च अधिक येतो हे खरे. पण कवच आणि नळी यांना एकाच मापाने मोजणारी काटकसर जिवावर बेतू शकते, याची कल्पना मालकाला स्पष्ट शब्दांत देणे हा कारागिराच्या कर्तव्याचा भाग आहे.

परत बसविताना नट अतिरेकी बळाने आवळू नयेत. सांधा सपाट नसेल तर तो आवळून सपाट होत नाही, हेड मात्र खराब होते.

उर्वरित मार्ग

विनिमयकापुढील भागांत धुराचा धोका नाही, परंतु एक वेगळीच अडचण आहे. उंबरठ्याच्या पोकळ पट्ट्या या केवळ हवेच्या वाहिन्या नसून मोटारीच्या सांगाड्याचा भारवाही भाग आहेत. वरची काया आणि खालचा तळ यांची जोडणी त्यांच्यातून होते. आतून उष्ण व दमट हवा, बाहेरून थंड पाणी, अशा स्थितीत त्या आतल्या आत गंजतात. काचेपर्यंत हवा पोहोचत नाही ही तक्रार अनेकदा सांगाडा कमकुवत झाल्याची पहिली खूण असते. पट्टी कापून बदलण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी टेकू वेल्डिंगने पक्के करावे लागतात. तसे न केल्यास काया किंचित वाकते आणि नंतर दारे लागत नाहीत. वेल्डिंगपूर्वी मागच्या आसनाखालची बॅटरी काढून ठेवावी.

झडपा चालविणाऱ्या केबली मधल्या बोगद्यातून मागे जातात. त्या गंजून जखडल्या असतील तर सरळ बदलाव्यात.

मौलिकता आणि सुरक्षितता

जुनी मोटार ही वापरातली वस्तू आहे तसाच तो दस्तऐवजही आहे. आंतरराष्ट्रीय पुरातन वाहन महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेत हीच भूमिका मांडली आहे. वास्तुजतनासाठी १९६४ मध्ये तयार झालेल्या व्हेनिस सनदेचा आदर्श तिच्यापुढे होता. मूळ द्रव्य शक्य तितके राखावे, केलेल्या बदलांची नोंद ठेवावी आणि मूळ भाग टाकून देऊ नयेत, हा तिचा आशय आहे.

बीटलच्या विनिमयकाच्या बाबतीत हे तत्त्व कसोटीला लागते. कारखान्याचे मूळ विनिमयक जाड असून त्यांत भरपूर फिन आहेत; आज बाजारात मिळणाऱ्या अनेक प्रतिकृतींत पत्रा पातळ आणि फिन कमी असतात, त्यामुळे ऊबही कमी मिळते. म्हणून जाणकार मालक पन्नास-साठ वर्षांचे वापरलेले मूळ भाग शोधत राहतात. उष्णतेच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे रास्त आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र पाण्यातील परीक्षा उत्तीर्ण न झालेला मूळ भाग मोटारीवर बसविण्याचा आग्रह जतनाच्या नावाखाली धरता येणार नाही. दिवाणखान्यातील पुरातन समईची गोष्ट निराळी; तिची गळती फार तर सतरंजी खराब करते.

काही मालक तिसरा मार्ग पत्करतात. थंड देशांतील बीटलमध्ये पूर्वीही एबरस्पेखर या जर्मन कंपनीचे पेट्रोलवर चालणारे स्वतंत्र हीटर बसविले जात. त्यांचा वापर ऐतिहासिक दृष्ट्या गैर नाही आणि मोटार उभी असतानाही ऊब मिळते. परंतु त्यातही ज्वलनकक्ष आणि श्वासाची हवा यांच्यात एक भिंतच असते. प्रश्न जागा बदलतो, नाहीसा होत नाही.

पडताळणी

काम पूर्ण झाल्यावर मोटार मोकळ्या जागेत उभी करून, काचा लावून, उष्णतेची झडप पूर्ण उघडून, कार्बन मोनॉक्साइड मोजणारे उपकरण प्रथम पायांजवळच्या व नंतर काचेजवळच्या तोंडाशी धरावे. मंद गतीवर आणि वाढविलेल्या गतीवर अशी दोन्ही मोजमापे घ्यावीत, कारण गती वाढली की धुराचा दाबही वाढतो. त्यानंतर अर्धा तास मोटार चालवून, सर्व भाग तापलेले असताना, पुन्हा मोजावे. थंड स्थितीत बंद असलेला सांधा तापल्यावर उघडू शकतो. बाहेरच्या हवेपेक्षा आतले प्रमाण अधिक आढळल्यास झडप बंद करून केबल मागील टोकाला सोडून ठेवावी आणि कारण सापडेपर्यंत मोटारीत ऊब घेऊ नये.

घरगुती सूचक-यंत्र मोटारीत कायम ठेवण्याची पद्धत अलीकडे रूढ होत आहे. ती स्वागतार्ह आहे; परंतु या यंत्रांसाठीच्या युरोपीय मानकानुसार दहा लाखांत ५० एवढ्या प्रमाणाला ते तासाभरानंतरच घंटा वाजवते. फिरती घरे व नौका यांसाठी त्याच मानकाचा स्वतंत्र भाग आहे; त्यानुसार बनविलेले यंत्र घ्यावे, कारण ते धक्के व कंपने सहन करण्याच्या दृष्टीने तपासलेले असते. उतरविलेला मूळ विनिमयक, तो केव्हा व कोणत्या कारणासाठी काढला याची चिठ्ठी बांधून, मोटारीच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवावा. आणि वरील मोजमाप दरवर्षी हिवाळ्यापूर्वी पुन्हा करावे.